चिमट्याची जागा

माझ्या कामाचं नाव सांगितलं की लोक ते दोनदा विचारतात आणि दुसऱ्यांदा ऐकून विषय बदलतात. म्हणून मी आता सांगते की हृदयाच्या ऑपरेशनमध्ये पंप चालवते. एवढं पुरतं. माझ्या मोठ्या जाऊबाई तर अजूनही पाहुण्यांना सांगतात, "आमची धाकटी मोटरीवर आहे." तेही काही खोटं नाही.

हृदयाच्या आत टाके घालायचे तर ते थांबवावं लागतं, कारण हलत्या कापडावर कुणाला शिवता येत नाही. ते थांबलेलं असताना अंगभर रक्त फिरवायचं आणि त्यात प्राणवायू मिसळायचा, हे काम माझं मशीन करतं. मशीन म्हणजे एक टाकी, एक पंप, एक कृत्रिम फुप्फुस आणि भरपूर नळ्या. रुग्णाकडून काळपट रक्त टाकीत उतरतं, पंप ते ओढतो, फुप्फुसातून पुढे ढकलतो आणि लालभडक होऊन ते रुग्णाच्या महाधमनीत जातं. माझ्या शिक्षणातला बराच भाग एकाच गोष्टीवर खर्च झाला आहे: या रक्तानं पुढेच जायचं. मागे यायचं नाही.

हे मला कॉलेजात शिकवण्याआधी वडिलांच्या विहिरीनं शिकवलं होतं. आमचं गाव फुलंब्री तालुक्यात. विहिरीवर इलेक्ट्रिक मोटर होती आणि पाइपाच्या पाण्यातल्या टोकाला एक झडप होती. तिला गावात सगळे फुटबॉल म्हणतात. पाणी वर जाऊ द्यायचं, खाली येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. तिच्यात काडी अडकली की लाइट गेल्याबरोबर पाइपातलं सगळं पाणी विहिरीत परत जायचं. मग लाइट आली तरी मोटर नुसती घोंघावत बसायची. वरून बादल्या ओतून पाइप भरायचं काम माझ्याकडे असायचं. भावंडांत मी मोठी होते आणि मला चुकवता येत नव्हतं.

दुसरं काम नळीचं. मिरचीच्या वाफ्यांना रबरी नळीनं पाणी देताना एका वाफ्यातून दुसऱ्यात जायचं झालं की वडील लांबून ओरडायचे, "मोड!" की मी नळी दुमडून मुठीत आवळायची. पाणी बंद. पुढच्या वाफ्यात गेले की सोडायची. उशीर झाला तर वाफा फुटायचा आणि वडील म्हणायचे, "झोपली व्हय गं नळीवर?" हे मी कौतुकानं आठवत नाही. मला शेतीचं काम आवडायचं नाही, म्हणून तर मी शहरात शिकायला आले.

शहराला तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणायचे. मी ज्या हॉस्पिटलात लागले तिथं पंपावर आधीपासून एक जण होते. जुन्या शहरात वाढलेले, वयानं वडिलांएवढे. थिएटरमध्ये सर्जनपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना चाचा म्हणायचे. चाचांचं मराठी चांगलं होतं, पण शिकवायला लागले की ते दखनीत शिरायचे.

तेव्हा आमच्याकडे जुना पंप होता. त्यात दोन रूळ फिरतात आणि नळी दाबत दाबत रक्त पुढे ढकलतात. तो बंद पडला तरी एक रूळ नळीवर दाबलेलाच राहतो. त्यामुळे रक्ताला परतायला वाट नसते. मी लागल्यानंतर काही वर्षांनी नवा पंप आला. त्यात वाटीसारख्या पारदर्शक डब्यात एक चकती गरगर फिरते आणि त्या वेगानं रक्त पुढे जातं. रक्ताला तो मवाळ. पेशी कमी फुटतात. पण तो काहीच दाबून धरत नाही. चकती थांबली की वाट दोन्हीकडून मोकळी. रुग्ण वर टेबलावर असतो आणि मशीन खाली. मग महाधमनीतलं रक्त आलं त्याच वाटेनं उलटं फिरून पंपात आणि पंपातून टाकीत येतं. रक्तदाब पडतो. मेंदूला जायचं रक्त आमच्या टाकीत जमा होतं. शिवाय धमनीत खोचलेल्या नळीच्या कडेनं हवा आत ओढली जाऊ शकते, ते आणखी वाईट.

म्हणजे वडिलांचीच मोटर. फक्त खाली फुटबॉल नसलेली.

त्यावर उपाय चिमटा. सुरू करताना आधी पंपाला वेग द्यायचा, मगच रुग्णाकडे जाणाऱ्या नळीवरचा चिमटा काढायचा. थांबवताना उलटा क्रम, आधी चिमटा आणि मग वेग कमी करायचा. आणि पंप मध्येच बंद पडला तर कारण शोधायचं नाही, कुणाला हाक मारायची नाही, मोटरकडे बघायचंसुद्धा नाही. आधी चिमटा.

चाचांनी त्या चिमट्याची जागा ठरवली. मशीनच्या आडव्या दांडीवर, माझ्या उजव्या हाताच्या खाली. तिथं दुसरं काहीही अडकवायचं नाही, पेन नाही, मास्क नाही, चष्म्याची दोरी नाही. वापरून झालेल्या नळ्या धुऊन त्यात लाल सरबताचं पाणी भरायचे आणि मला रिकाम्या थिएटरमध्ये उभं करायचे.

"आँख बंद कर. चिमटा किधर?"

मी हात न्यायची. सापडायचा.

मग मला गप्पांत गुंतवून ते गुपचूप मोटरचा प्लग ओढायचे. पहिल्यांदा मी मोटरकडे पाहिलं. तोवर लाल पाणी टाकीत परत आलेलं.

"गया पेशंट," चाचा म्हणाले. "मोटर को क्या देखती? वो तेरी सगी है क्या?"

दुसऱ्यांदा मी चिमट्याकडे गेले, पण सावकाश.

"तेरा हाथ जालना होके आता क्या, बाई? हाथ पहले. आँख बाद में. सोचना घर जाके."

असं महिनोन् महिने चाललं. मला त्यांचा राग यायचा. मी पदवीधर होते, रीतसर कोर्स केलेली होते आणि हा माणूस मला सरबतावर कवायत करायला लावत होता. पण पुढे पुढे प्लग निघाल्याचं कळायच्या आत माझा हात दांडीवर असायचा. चाचा निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात माझ्याबद्दल एवढंच बोलले, "इसका हाथ अब इधरीच रहता." त्याहून मोठं प्रशस्तिपत्र मला आजवर मिळालेलं नाही.

आमच्या थिएटरमध्ये खंडेनवमी जोरात असायची. कारखान्यात यंत्रं पुजतात, गॅरेजमध्ये पाने पुजतात, तशी आमच्याकडे हत्यारं. त्या दिवशी ठरवलेली ऑपरेशनं ठेवत नाहीत. सगळं थिएटर धुऊन पुसून घ्यायचं. मोठ्या सिस्टर गंगापूरच्या, शिस्तीच्या बाई. त्या बाजूच्या खोलीत टेबलावर पांढरं कापड अंथरून कात्र्या, चिमटे, सुईधारक ओळीनं मांडायच्या. प्रत्येकाला हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल. चाचा असताना झेंडू तेच आणायचे, गुलमंडीवरून, घासाघीस करून. नारळ सर्जन फोडायचे, कॉरिडॉरमध्ये, आणि दरवर्षी तो तिसऱ्या नाहीतर चौथ्या फटक्याला फुटायचा. त्यावर भूलतज्ज्ञ बाई म्हणायच्या, "पेशंटना दाखवू नका हं हे." पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलायचं नाही, हा नेम. तातडीच्या कामासाठी एक वेगळा संच बंद डब्यात तयार असायचा.

चाचा निवृत्त झाल्यानंतरच्या एका खंडेनवमीला सिस्टरांनी माझ्या मशीनचे चिमटेसुद्धा पूजेत घेतले. चाचा असताना ते मशीनच्या पायाला कुंकू लावून घ्यायचे आणि चिमट्यांना हात लावू द्यायचे नाहीत. मी हरकत घेतली नाही. त्या दिवशी काम नव्हतं, आणि सगळ्यांची हत्यारं मांडलेली असताना माझीच बाजूला राहावीत असंही मला वाटलं नाही.

नारळ फुटला, प्रसाद वाटला आणि आम्ही चहा घेत असतानाच पाचोडकडची एक बाई आली. तिशीच्या आतली. सोबत फक्त सासू. नवरा मेंढरं घेऊन लांब गेला होता आणि त्याला निरोप धाडला होता. बाईला आडवं होता येत नव्हतं. बसून श्वास ओढत होती आणि तोंडाला फेस येत होता. लहानपणीच्या तापानं हृदयाची झडप आधीच खराब झालेली, आणि आता तिला धरून ठेवणारी दोरी तुटली होती. हृदय रक्त पुढे ढकलायचं आणि त्यातलं निम्मं उलटं फिरून फुप्फुसात शिरायचं. सर्जननी बघितलं आणि म्हणाले, दसऱ्यापर्यंत थांबली तर ही राहणार नाही.

सही घ्यायला सासूपाशी कुणीतरी बसायला हवं होतं. बाकीचे धावपळीत होते, म्हणून मी बसले. अंगठा लावण्याआधी म्हातारीनं मला विचारलं, "बाई, झालंय काय तिला? समजंल असं सांगा."

मी सांगितलं की हृदयात एक दार असतं, रक्त पुढे गेलं की ते लागतं. तिचं दार निखळलंय.

"म्हंजी मेंढरं आत घातली आन् फाटक लागंना."

"हो."

"मंग ती माघारी येनार. एकामागं एक समदी येत्यात." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमी नवं फाटक बसिवनार?"

"डॉक्टर बसवतील."

"आन् तुमी काय करनार?"

"ते बसवेपर्यंत मेंढरं माघारी येऊ देणार नाही."

मी असं बोलत नाही सहसा. पण तिनंच उपमा काढली होती आणि ती बरोबर होती.

सिस्टरांनी नेम मोडायला एक क्षणही घेतला नाही. बंद डब्यातला संच काढला आणि माझे चिमटे मला आणून दिले. पूजेच्या टेबलाकडे बघून हात जोडून म्हणाल्या, "रागावू नको बाई, काम आलंय." मी चिमट्यांचे जबडे स्पिरिटनं पुसले. मुठीवरच्या गोल कड्यांना लागलेलं कुंकू तसंच राहिलं, ते कामाला नडत नव्हतं. मशीन भरताना चिमटे लावून-काढून बघितले आणि मुख्य चिमटा त्याच्या जागी अडकवला.

ऑपरेशन सुरू झालं. पंपाला वेग दिला, मग चिमटा काढला, रक्त पुढे गेलं. हृदय थांबवलं. सर्जन डाव्या कप्प्यात शिरून फाटलेली झडप कापू लागले. इथपर्यंत रोजचंच.

मधल्या घाईत पूजेतली फुलं, सुपाऱ्या, कुंकवाची वाटी असं बरंच थिएटरच्या ट्रॉलीवर आलं होतं. सिस्टरांचं तिकडे लक्ष गेलं. त्या आमच्या मावशींना म्हणाल्या, "मावशी, हे पूजेचं कुंकू लागलेलं जे काय इकडं आलंय, ते सगळं ताटात घाला आणि बाहेर नेऊन ठेवा. पायाखाली यायला नको."

मावशी थिएटरमध्ये साफसफाई आणि सामानाची नेआण करायच्या. माझ्याआधीपासून तिथं होत्या. सांगितलेलं काम त्या तंतोतंत करायच्या. त्यांनी फुलं उचलली, सुपाऱ्या उचलल्या, वाटी उचलली. मग माझ्या उजव्या बाजूला आल्या. मी डावीकडे वाकून टाकीत औषध घालत होते. दांडीवरच्या चिमट्याला कुंकू होतं. त्यांनी तो ताटात घातला. शेजारच्या खणातल्या जादाच्या चिमट्यांनाही कुंकू होतं. तेही घातले. ताट बाहेर नेऊन ठेवलं आणि परत येऊन भिंतीपाशी उभ्या राहिल्या.

हे सगळं मला नंतर कळलं.

नवी झडप अर्धी शिवून झाली असेल. पंपाचा आवाज पडला. बंद पडताना मोटर काही मोठा आवाज करत नाही, उलट खोली शांत होते. माझा हात दांडीवर गेला.

दांडी रिकामी होती.

हात पुढेमागे फिरला. खण. तोही रिकामा. पडद्यावर प्रवाहाच्या आकड्याआधी वजाची खूण आली होती. ती मी सरबताच्या कवायतीत खूपदा पाहिली होती, माणसाच्या रक्तावर कधी नाही. टाकीतली पातळी वर चढत होती.

मी नळी पकडून दुमडली आणि मुठीत आवळली.

त्या क्षणी मला वडील आठवले वगैरे काही झालं नाही. काहीच आठवलं नाही. हाताला बंद करायचं होतं, चिमटा मिळाला नाही, तर त्यानं त्याच्या जवळ होतं ते केलं. आकडा शून्यावर आला. वजा गेलं.

"पंप बंद," मी मोठ्यानं म्हणाले. "सर, येणारी नळी वरून धरा. सिस्टर, मला चिमटा द्या."

टेबलावरच्या असिस्टंटनं रुग्णाकडून खाली येणारी नळी दाबली. सर्जननी सुई थांबवली. सिस्टर डब्यातून काढलेल्या संचाकडे वळल्या. आता रक्त मागे जात नव्हतं, पण पुढेही जात नव्हतं. बाईचं अंग थोडं थंड केलेलं होतं, म्हणून काही क्षण हातात होते, जास्त नाही. अशा वेळी पंपाचा डबा मोटरवरून काढून हाताने फिरवायच्या दांड्यावर चढवायचा असतो. त्याला दोन्ही हात लागतात. माझा एक हात नळीवर होता.

सगळ्यात जवळ मावशी होत्या.

"मावशी, इकडं या. ही धरा. अशीच दुमडलेली. आवळा."

त्यांनी धरली.

"मी म्हणेपर्यंत सोडायची नाही."

"न्हाय सोडत."

मी डबा काढला, दांड्यावर बसवला, फिरवायला लागले. सुरुवातीला चकती जड जाते. आणि इथंच घाई नडते, कारण वेग पुरेसा यायच्या आत नळी उघडली तर फिरवतानाही रक्त उलटंच येतं.

"सोडू का ताई?"

"नाही."

दांड्यावर वेगाचे छोटे दिवे असतात. एक लागला, मग दुसरा.

"सोडू?"

"नाही म्हटलं ना!"

"बरं बरं. वरडू नका, धरलीय की मी."

भूलतज्ज्ञ बाई रक्तदाबाचा आकडा वाचून दाखवत होत्या. तो मी इथं लिहीत नाही. मला हवे होते तेवढे दिवे लागले.

"आता सोडा. एकदम नको. हळू."

मावशींनी मूठ हळूहळू सैल केली. रक्त पुढे गेलं. भूलतज्ज्ञ बाईंचा आवाज बदलला, आकडा चढायला लागला. असिस्टंटनं वरची नळी सोडली. मी फिरवत राहिले. सर्जन म्हणाले, "चालू करू?" मी म्हटलं, "करा." आणि ते पुढचा टाका घालायला लागले. तोवर सिस्टरांचा चिमटा माझ्यापाशी आला होता. जादाची मोटर कपाटात होती. टेक्निशियननं ती आणली आणि मी ती जोडली, या वेळी चिमटा लावून, रीतसर. बंद पडलेल्या मोटरच्या आतल्या जोडणीतच बिघाड होता, त्यामुळे बॅटरी असूनही तिचा उपयोग झाला नव्हता.

झडप बसली. हृदय सुरू झालं. चिमटा लावून मी पंप बंद केला, आणि आधी चिमटा, मग वेग हा क्रम त्या दिवशी मी मोठ्यानं म्हणून केला.

थिएटर रिकामं झाल्यावर मी चिमटा शोधायला निघाले. तो बाजूच्या खोलीत होता, पूजेच्या ताटात, झेंडूच्या फुलाखाली.

"मावशी, हा इथं कुणी ठेवला?"

"मीच की. त्याला कुकू होतं ना. सिस्टर म्हनल्या, कुकू लागलेलं समदं उचला."

"तो माझा चिमटा होता."

"म्हनलं देवीपुढची वस्तू रगतात कशाला लोंबकळती." मग त्यांच्या लक्षात आलं. त्या खाली बसल्या. "आवं ताई. म्हंजी त्येच तुम्ही हुडकत होता व्हय?"

मी त्यांना बोलले, जे बोलायचं ते सगळं. मी काही मऊ बोलणारी बाई नाही. मग सर्जनकडे जाऊन जसं झालं तसं सांगितलं, कुणाला पाठीशी न घालता. सिस्टर म्हणाल्या, मीच सांगितलं होतं. मी म्हणाले, चिमटे पूजेला मीच दिले. सर्जन म्हणाले, "नारळ मीच फोडला." मग सगळ्यांनी मिळून ठरवलं ते एवढंच की पंपाच्या दांडीला पंपवाल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. ते दांडीवर लाल अक्षरात लिहिलं. पुढे नळ्यांच्या संचातच एकाच दिशेनं उघडणारी झडप घालून घेतली, ती आता सगळीकडेच असते. उलटा प्रवाह कळला की आपोआप आवळणारी यंत्रंही आली आहेत. चांगली आहेत. मी तरीही चिमटा त्याच जागी ठेवते.

दसऱ्याला दुपारी चाचांना फोन केला. सोनं द्यायला जाणं जमणार नव्हतं, म्हणून फोनवरच.

"कायकू उठायी?" ते झोपेतल्या आवाजात म्हणाले.

मी सांगितलं.

"हाथ पहले किधर गया?"

"चिमट्याकडं."

"और चिमटा?"

"पूजेत."

चाचा हसले नाहीत. "फिर?"

"नळी मोडली."

चाचा म्हणाले, "ये मैंने सिखाया नै."

"नाही. वडिलांनी."

"उनको मेरा सलाम बोल," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. वडील तेव्हा हयात होते. दिवाळीला गावी गेले तेव्हा मी त्यांना सांगितलं. त्यांना ऑपरेशनपेक्षा पंपातच जास्त रस होता. "तेवढ्या भारी मशीनला फुटबॉल नाय बसवला?" असं म्हणून ते बाहेर गेले आणि शेजाऱ्याला बोलावून आणलं, पुन्हा सांग म्हणाले.

पाचोडची बाई उठली, चालली, जेवली. सर्जननी नवऱ्याला आणि सासूला सरळ सांगितलं होतं की मध्ये पंप बंद पडला होता आणि हातानं चालवावा लागला. म्हातारीनं सर्जनना विचारलं, "कुनी चालिवला?" घरी जायच्या दिवशी ती मला शोधत थिएटरच्या दारापर्यंत आली. मावशी दारातच उभ्या होत्या.

"माघारी येऊ दिली न्हाईत म्हना," म्हातारी मला म्हणाली.

"थोडी आली," मी म्हटलं. "मग अडवली. आणि फाटक यांनी धरलं होतं." मी मावशींकडे बोट दाखवलं.

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आता पुढचंही सांगणार. मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं जे होतं ते सर्जनना सांगून झालं होतं. म्हातारीनं मावशींचा हात हातात घेतला, तळवा उलटा करून बघितला आणि म्हणाली, "दनकट हाय." मग सुनेच्या छातीला कान लावला की नव्या झडपेची घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते, ते आम्हाला दोघींना सांगितलं. रात्री कोकरं निजली की ती घरभर ऐकू येईल, असं म्हणाली. तसंच व्हावं असं मला मनापासून वाटलं.

मला आभार मानता येत नाहीत. घरात कुणी शिकवलं नाही आणि पुढे सवय लागली नाही. पण माझ्या उजव्या हाताकडे बघून मला कधी कधी वाटतं की हा माझ्या एकटीचा नाही. त्यात चाचांचं सरबत आहे, वडिलांच्या मिरचीचे वाफे आहेत, आणि त्या दिवशी त्याच्याकडून नळी घेऊन आवळून धरणारी एक मूठ आहे, जी दोनदा विचारूनही मी सांगण्याआधी सैल झाली नाही.

पुढच्या खंडेनवमीला थिएटर धुतलं, टेबलावर पांढरं कापड आलं. सिस्टरांनी मला चिमट्यांचं विचारलंच नाही. मी मशीन पुसत होते, तेव्हा मावशी ताट घेऊन आल्या आणि दांडीपासून हातभर लांब थांबल्या. लाल अक्षरांकडे बघितलं. मग चिमट्याकडे.

"ताई, जागेवरच लावू का कुकू?"

"लावा."

"उचलत न्हाय हां मी."

"माहीत आहे."

त्यांनी करंगळीजवळच्या बोटानं चिमट्याच्या कड्याला कुंकू लावलं, न हलवता. मग वाकून, त्याच बोटानं, नळीला.